जुन्या लष्करी रायफलीचा दस्ता: मूळ पॉलिश परत आणायचंय, पेपर मारू का?

गंजका खिळा
नमस्कार मंडळी. मामेसासऱ्यांनी हौसेने सांभाळलेली एक रायफल माझ्याकडे आली आहे. शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. बोल्टच्या मुठीखाली जो पोलादी भाग दस्त्याला धरून ठेवतो, त्यावर मुकुट, जी. आर. आणि १९१७ असं उमटवलंय. परवाना-कागदपत्रं रीतसर आहेत, चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघितलंय, त्यामुळे ती चर्चा इथे नको.

विषय लाकडाचा. मधल्या काळात कुणीतरी तिला चकचकीत व्हार्निश फासलंय. बंदूक कमी आणि रिसेप्शनचं टेबल जास्त वाटते. कुठे पापुद्रे सुटलेत, कुठे पिवळं पडलंय, मुठीजवळ लाकूड काळंकुट्ट झालंय. मागच्या दस्त्यावर पाच-सहा पोचे आहेत. मला तिचं मूळचं लष्करी रूप हवंय. विचार असा की ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड उघडं करायचं, मग १२०, मग २२०, आणि वर मेलामाइन, म्हणजे फर्निचरचं कडक पॉलिश. शनिवार-रविवारात उरकेल ना?

रंधा-पटाशी
८० नंबर?? अहो, दार तासताय की रायफल?

उंबरठा
वाचनखूण साठवली. माझ्याकडे रायफल नाही, पण भांडण चांगलं होणार असं दिसतंय.

सुताराची लेक
खिळेदादा, तो पेपर आधी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा.

का ते सांगते. अशा दस्त्याचं लाकूड जिथे धातूला टेकतं तिथे ते धातूपेक्षा केसभर वर असतं. चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं. पेपर फिरला की ती कड खाली जाते, मग दस्त्याच्या मागच्या टोकावरची पितळेची पाटी, बटप्लेट, सगळीकडून बाहेर डोकावते. बूट मोठा आणि पाय लहान, असं दिसतं. कडा गोल होतात. शिक्के पुसले जातात. यातलं काहीच परत आणता येत नाही.

आधी वर काय लावलंय ते ओळखा. बटप्लेट काढून तिच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन दोन मिनिटं धरा. थर मऊ होऊन चिकटायला लागला आणि बोळा तपकिरी झाला तर ते लाखेचं पॉलिश. नुसत्या स्पिरिटनेच निघेल. ढिम्म राहिलं तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. त्याला रिमूव्हर लागेल, हातमोजे आणि उघडी खिडकीही लागेल. रिमूव्हर लावा, थांबा, फुगलं की प्लास्टिकच्या पट्टीने ढकला. लोखंडी पटाशी नको. उरलेलं नायलॉनच्या घासणीने रेषेच्या दिशेने.

स्टील वूल अजिबात नको. अक्रोडाच्या लाकडात टॅनिन असतं, लोखंडाशी मिळून काळं पडणारं द्रव्य. स्टील वूलचे बारीक तुकडे रेषांत अडकतात, ओल लागली की त्याच जागी निळे-काळे ठिपके उठतात. बाबांनी एकदा एका टेबलावर ते केलं होतं. पुढे वर्षभर ते टेबल आमच्याकडेच राहिलं, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही.

खडूस
या "इतिहास इतिहास" करणाऱ्यांचा कंटाळा आलाय. शंभर वर्षांचा घाम, बंदुकीचं तेल, धूळ आणि कुणाचं तरी व्हार्निश, याला मळ म्हणतात. मळ काढायचा असतो. मी स्वतः एका जुन्या दस्त्याला मस्त पेपर मारला, डाग दिला, तेल दिलं. आरशासारखा झाला. बघणारा प्रत्येक जण हात फिरवतो.

खिळेसाहेब, तुमची वस्तू, तुमचा हात. मारा पेपर. ८० नको, १५० पासून सुरू करा.

रंधा-पटाशी
आरशासारखा झाला म्हणजेच चुकलं ना, खडूसकाका. कुठल्या शिपायाला आरसा दिला होता?

बिनतारी
लाकडाचं नंतर बघू. आधी बंदूक कशी उघडायची ते वाचा, नाहीतर पॉलिश करायला लाकूडच उरायचं नाही.

या मॉडेलचं लाकूड एकसंध नाही. मागचा दस्ता वेगळा, पुढचं लांब लाकूड वेगळं, वरून नळी झाकणारी दोन लाकडं, म्हणजे हँडगार्ड, वेगळी. मागचा दस्ता आतून एका लांब बोल्टने बसवलेला असतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या तोंडाशी बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय. आता पुढचं लाकूड जागेवर असताना तुम्ही बटप्लेटच्या झडपेतून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट फिरवलात, की तो चौकोन आतल्या आत फिरतो आणि पुढचं लाकूड मागून फाटतं. असं फाटलेलं मी दोनदा हातात घेतलंय. आवाज आला तेव्हा मालकांना वाटलं होतं की गंजलेला बोल्ट सुटला.

म्हणून क्रम असा: नोज कॅप (पुढच्या टोकाची धातूची टोपी), पट्ट्या, हँडगार्ड, मग पुढचं लाकूड हलक्या हाताने सरळ खाली. मागचा दस्ता सगळ्यात शेवटी. तो घट्ट असेल आणि हलत नसेल तर काढूच नका. जागेवरच साफ करा.

झडप उघडलीच आहे तर आत बघा. शिपायाची तेलाची छोटी कुपी आणि नळी पुसायची दोरी तिथेच ठेवायची असे. अजून असेल तर नशीबवान आहात.

गंजका खिळा
बिनतारी, शंभर नमस्कार. काल रात्री स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. खरंच.

कुपी आहे! दोरी नाही. कुपीत काहीतरी काळं घट्ट झालंय.

सुताराची लेक, स्पिरिट लावलं, ढिम्म. म्हणजे व्हार्निश. आणि मग मूळ पॉलिश कोणतं होतं? मेलामाइन नको एवढं कळलं.

रसायनी
मूळ "पॉलिश" असं नव्हतंच. या रायफलींचं अक्रोडाचं लाकूड कच्च्या जवसाच्या तेलात मुरवलेलं असायचं, पुढे शिपाई स्वतः वरून तेच तेल चोळत राहायचा. वर थर नाही, चकाकी नाही, लाकडाच्या आतच तेल. तुम्हाला जो लालसर तपकिरी रंग हवाय तो कुठल्या डब्यात मिळत नाही. जुनं झालेलं जवसाचं तेल आणि हातांचा वापर मिळून तो होतो.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि तेलाचं घन पदार्थात रूपांतर होतं. त्यामुळे वाळताना तेलाचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं. कच्च्या तेलाला यासाठी बरेच दिवस, थंड-दमट हवेत आठवडेही लागतात. बाजारात "बॉइल्ड" म्हणून जे मिळतं ते आजकाल बहुधा उकळलेलं नसतं, त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालून वाळणं वेगात आणलेलं असतं. पूर्वी यासाठी शिसंही वापरायचे, म्हणून एखादा जुना डबा सापडला तर हौसेने वापरू नका.

ज्यांनी लहानपणी नवीन क्रिकेट बॅटला तेल लावून ती आडवी ठेवली असेल, त्यांना हे तेल माहीत आहे. तेच हे.

कोरी पाटी
बाळबोध प्रश्न. स्वयंपाकघरात जे तेल असेल ते चालणार नाही का? तेल ते तेल.

रसायनी
नाही चालणार. खोबरेल, शेंगदाणा, ऑलिव्ह ही तेलं वाळत नाहीत. लाकडावर ओशट थर राहतो, धूळ धरतो, पुढे खवट वास येतो. वाळणारी तेलं मोजकीच: जवस, टंग (एका चिनी झाडाच्या बियांचं), अक्रोडाचं वगैरे. खायचं जवस तेल मात्र चालतं, ते कच्चंच असतं. फक्त वाळायला धीर धरा.

उंबरठा
म्हणजे अक्रोडाच्या लाकडाला अक्रोडाचं तेल लावता येतं. घरचाच माणूस.

चिंधी
रसायनींनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि ती इथे मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका.

तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते. बोळा करून डब्यात किंवा पिशवीत कोंबली तर उष्णता आतच साठते, त्याने वाळणं आणखी वेगाने होतं, आणखी उष्णता, आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ ला वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. लाकडी पॅनेल दुरुस्त करणाऱ्या कामगारांनी बाविसाव्या मजल्यावर ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांनी. तीन अग्निशामक जवान गेले. आग वर वर चढत तिसाव्या मजल्यावर स्प्रिंकलर होते तिथे थांबली.

तेव्हा चिंध्या बाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. माझं नाव चिंधी का, हे आता कळलं असेल.

गंजका खिळा
बापरे. हे माहीत नव्हतं. स्पिरिटचे बोळे धरून सगळं आत्ताच गॅलरीत पसरवून आलो.

उत्तरायण
थोडं अवांतर, पण धाग्याच्या नावात "मूळ" शब्द आहे म्हणून. मूळ म्हणजे जवस तेलच, असा समज करून घेऊ नका. रायफल बदलली की उत्तर बदलतं.

रशियन मोसिन-नागांतचं लाकूड बरेचदा बर्च असतं आणि त्यावर लाखेसारखा चकचकीत, लालसर थर असतो. लोक तो "नंतर कुणीतरी केलेलं वाईट काम" समजून खरवडून काढतात आणि जवसाचं तेल चोळतात. पण महायुद्धानंतर शस्त्रागारात दुरुस्ती करून ठेवताना खुद्द लष्करानेच तो दिलेला असतो. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो तोच त्या बंदुकीचा दाखला. जर्मन माउझर ९८के च्या उत्तरार्धातल्या दस्त्यांचं लाकूड तर एकसंध नव्हेच, बीचच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेलं. रेघारेघांचं. ते घासून "छान अक्रोडी" करायला जाणाऱ्यांना काय म्हणावं?

आणि स्विस के-३१. त्यांच्या दस्त्याच्या खालच्या टोकाला हमखास ओरबाडे असतात, कुणी कुरतडल्यासारखे. पण बटप्लेट उघडली की आत कधीकधी घडी घातलेला कागद मिळतो, ज्या सैनिकाला रायफल दिली होती त्याचं नाव आणि तुकडी लिहिलेला. त्यामुळे कुणाकडे के-३१ असेल तर रिमूव्हर ओतण्याआधी बटप्लेट काढा हो.

खडूस
बरं. आता प्रश्न: मूळ थर लष्कराने दिला म्हणून पवित्र, आणि नंतरच्या मालकाने दिला म्हणून घाण? खिळेसाहेबांच्या मामेसासऱ्यांनीच व्हार्निश लावलं असेल तर? तोही इतिहासच झाला की. मग काढताय कशाला?

सुताराची लेक
खडूसकाकांचा हा प्रश्न मात्र खरा आहे. मला उत्तर पूर्ण पटलेलं नाही, पण मी असं बघते: व्हार्निश लाकडाच्या वर बसलंय. ते काढून खालचं लाकूड होतं तसं ठेवता येतं. पेपर मारणं म्हणजे लाकूडच काढणं. पहिलं चुकलं तर पुन्हा लावता येईल. दुसरं नाही.

गंजका खिळा
मामेसासऱ्यांनी नाही लावलं. ते मला स्वतःच सांगायचे की "हा रंग बघवत नाही." त्यांना वेळ झाला नाही.

नखशिखांत
मधेच घुसतोय. काय करू नये याची यादी असेल तर माझा अनुभव टाका. एका व्हिडिओत बघून मी जुन्या दस्त्यावर ओव्हन साफ करायचा फवारा मारला. तेलकट मळ अक्षरशः वाहून गेला, दहा मिनिटं मी स्वतःवर खूश होतो. वाळल्यावर लाकूड राखाडी-हिरवट, आणि पृष्ठभाग फुसफुशीत, नखाने ओरखडा उठेल असा. त्या फवाऱ्यात कॉस्टिक सोडा असतो. तो तेल खातो आणि लाकडाचे तंतूही सोडत नाही. नंतर कितीही तेल पाजलं तरी ती रया परत आली नाही. डिशवॉशरमध्ये दस्ता घालणारेही महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको.

बिनतारी
मळ तेलकट असेल तर सोडा लागतच नाही. खडूची बारीक पूड टर्पेंटाईनमध्ये कालवून लेप द्या, वाळू द्या, झाडा. पूड तेल ओढून घेते. दोन-चार वेळा करावं लागतं, कंटाळा येतो, पण लाकूड जसंच्या तसं राहतं. मुठीजवळचा काळा भाग यानेच उजळतो. तिथे तो फार उजळवूही नका, हात तिथेच असायचा.

आणि जुन्या लष्करी बंदुका ज्या घट्ट, मेणचट, गंज रोखणाऱ्या कॉस्मोलिनमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात त्यांचा दस्ता काळ्या पिशवीत गुंडाळून कडक उन्हात ठेवा. घाम सुटल्यासारखं बाहेर येतं, पुसत राहायचं.

रंधा-पटाशी
पोच्यांबद्दल कुणीच बोललं नाही. ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवा, वरून गरम इस्त्रीचं टोक. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. एका झटक्यात नाही, चार-पाचदा. पण हे फक्त दबलेल्या लाकडाला लागू. तुकडा उडालेला असेल तर तिथे तंतूच नाहीत, फुगणार काय? आणि शिक्क्याजवळ वाफ अजिबात नाही, कारण शिक्का हासुद्धा दाबून केलेला पोचाच आहे. तोही वर येईल.

इस्त्री घरातली घेतलीत तर नंतरचे परिणाम तुमचे तुम्ही बघा.

गंजका खिळा
(पाच आठवड्यांनी)
मंडळी, हजेरी लावतो. व्हार्निश निघालं, रिमूव्हर तीनदा लावावा लागला. खडूचे लेप चार. पाचपैकी तीन पोचे जवळजवळ गेले, दोन राहिले, राहू देत. इस्त्रीवर डाग पडला, त्यावर इथे चर्चा नको.

मागच्या दस्त्याच्या एका बाजूला बोटभर लांबीचा वेगळ्याच लाकडाचा तुकडा बसवलेला निघाला, अगदी घट्ट, रेघ जुळवलेली. व्हार्निशखाली दिसतच नव्हता. काढून नवीन बसवू का?

आणि तेल. "दिवसातून एकदा आठवडाभर, आठवड्यातून एकदा महिनाभर, महिन्यातून एकदा वर्षभर" असा जुना मंत्र वाचून रोज भरपूर तेल ओतलं. आता हात लावला की चिकटतं. नोटा चिकटतील इतकं.

सुताराची लेक
तो तुकडा काढलात तर माझ्याशी गाठ आहे. लष्करी दुरुस्ती आहे ती. फुटलेला भाग कापून त्या मापाचा तुकडा बसवायचे, दस्ता फेकून द्यायचे नाहीत. इतकी रेघ जुळवलेली म्हणजे कारागीर चांगला होता.

चिकटतंय कारण तेल आत गेलं नाही, वर साचलं. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या जाड फडक्याने जोर लावून पुसून काढा. आठवडाभर उघड्या हवेत ठेवा. मग पुढचा हात अगदी पातळ: फडक्याने कमी, तळव्याने जास्त. चोळून तळवा गरम झाला पाहिजे. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसायचं, काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत. मंत्र बरोबर आहे, तुम्ही प्रत्येक वेळी वाटी ओतलीत.

चिंधी
आणि ते फडकं...

गंजका खिळा
पसरवलं, चिंधीताई, पसरवलं.

बिनतारी
पुढचं लाकूड उतरवलेलंच आहे तर आतून, मागच्या टोकाला, ट्रिगरच्या वरची जागा बघा. गोळी सुटल्यावरचा धक्का लाकूड तिथे झेलतं. शंभर वर्षांत ती जागा सुकून ठिसूळ होते आणि तडा तिथूनच सुरू होतो. बाहेरून कितीही चकाकलं तरी तेल खरं तिथे हवं. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात तिकडचं मऊ लाकूड वापरायला लागले तेव्हा नेमक्या याच जागी तांब्याचे तुकडे बसवायचे.

खडूस
एक कबुली देऊन टाकतो. तो माझा आरशासारखा दस्ता. त्यावर मागे एक वाटोळा शिक्का होता, आत साल असावं. मी पेपर मारला तेव्हा तो काय आहे हे माहीत नव्हतं, डाग समजलो. परवा उत्तरायण यांचं वाचल्यावर जुना फोटो काढून बघितला. फोटोत आहे. दस्त्यावर नाही.

तरीही तो छान दिसतो, हे मी मागे घेणार नाही.

उत्तरायण
फोटो असेल तर तो बंदुकीसोबतच ठेवा, काका. मस्करी नाही.

गंजका खिळा
(आणखी दोन महिन्यांनी)
दस्ता झाला. चिकट नाही, चकाकत नाही. सकाळच्या तिरप्या उजेडात रेघा दिसतात, बाकी वेळ नुसता गडद तपकिरी. मामेसासऱ्यांना आवडला असता असं बायको म्हणाली, म्हणजे इस्त्रीचं प्रकरण मिटलं.

पण धागा वर काढण्याचं कारण वेगळं. परत जोडताना पुढच्या लाकडाचं टोक, नोज कॅपखाली जे झाकलं जातं ते, शेवटचं पुसलं. खालच्या बाजूला काळ्या मळात अंक निघाले. दोन ओळी. खालची ओळ माझ्या रायफलीचा नंबर. वरची ओळ दुसराच कुठलातरी नंबर, त्यावर आडव्या रेघा मारून खोडलेला.

बिनतारी
पुढच्या लाकडाच्या टोकाला रायफलीचा नंबर ठोकायची पद्धतच होती. लाकूड एका रायफलीवरून दुसरीवर गेलं की शस्त्र-कारागीर जुना नंबर खोडून नवा ठोकायचा. म्हणजे तुमचं पुढचं लाकूड आधी दुसऱ्या कुणाच्या रायफलीवर होतं. मागच्या दस्त्यावर नंबर नसतो, त्यामुळे तो कुठला, हे देवालाच ठाऊक.

उंबरठा
थांबा. म्हणजे इतके महिने आपण "मूळ" रूप परत आणत होतो ते नक्की कुठल्या रायफलीचं?

रंधा-पटाशी
दोन्हींचं थोडं थोडं.

खडूस
पहिल्या दिवशी माझं ऐकून पेपर मारला असता तर दोन्ही नंबर गेले असते आणि हा वादच मिटला असता. माझं कोण ऐकतंय.